दोष शेपटाचा नव्हे, नळीचा

कुत्र्याचे शेपूट कितीही दिवस नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आणि मोठेपणी कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागे वापरलीही आहे. म्हणीतला सारा दोष शेपटाच्या माथी मारलेला आहे. नळीला मात्र कुणी काही विचारीत नाही. ती कुणी आणली, कोणत्या मापाने कापली, आणि मुळात शेपूट सरळ करण्याची कुणाला काय निकड पडली होती, हे प्रश्न म्हणीबाहेरच राहतात. वस्तुतः शेपूट हे कुत्र्याच्या पाठीच्या कण्याचेच टोक. कुत्रा आनंदला, भ्याला, बावरला किंवा सावध झाला, की ते तो याच शेपटाने सांगतो. ते नळीत घालणारा माणूस कुत्र्याला वळण लावीत नसतो, त्याची वाचा बंद करीत असतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की, श्वानशिक्षण या नावाने आपल्या गावोगावी जे चालते तो बहुतांशी नळ्यांचा व्यापार आहे. आणि कुत्र्याचा स्वभाव पाहून त्याची शिकवण ठरविणे ही हौशी श्रीमंतांची चैन नसून शिकविण्याची पहिली अट आहे.

साहित्याच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही सुज्ञ वाचक विचारतील. त्यांना इतकेच सांगावेसे वाटते की, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथाचा दाखला ओवीचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी आपण नेहमी देतो. त्याच ग्रंथात ‘सारमेयविनोद’ नावाचे कुत्र्यांविषयीचे प्रकरण आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांतील कुत्र्यांचे गुणभेद त्यात नोंदलेले आहेत. दत्तगुरूंच्या पायाशी आपण चार कुत्री पाहतो. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा संत आपल्याच परंपरेतला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. तेव्हा कुत्रा हा आपल्या संस्कृतीचा परका विषय नव्हे. परकी आहे ती त्याला शिकविण्याची आजची तऱ्हा.

आमच्या बऱ्हाणपुरात जुन्या परकोटाच्या आत कुत्रा हा गल्लीचा असे. चार घरची शिळी भाकरी खाऊन तो चारही घरांची राखण करी. त्याला कुणी शिकविले नव्हते. पण पोस्टमन कोण, मागतकरी कोण आणि रात्री अकरानंतर येणारा अनोळखी कोण, हे त्याला बिनचूक कळे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत परकोटाबाहेर नव्या वसाहती वाढल्या, फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध’ अशा पाट्या आल्या, आणि पाटीमागे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, क्वचित निमाडच्या उन्हाळ्यात जीव मुठीत धरून बसलेला हस्कीही आला. त्यांच्या पाठोपाठ मोठ्या शहरातून ट्रेनर आले. त्यांचा ठेका महिन्याचा किंवा दीड महिन्याचा. बस, उठ, थांब, हात दे एवढा अभ्यासक्रम, तोही इंग्रजीत. घरात आजी मराठी बोलते, सून हिंदी बोलते, बाजारात निमाडी चालते, आणि कुत्र्याशी मात्र सारे कुटुंब इंग्रजी बोलते! पण भाषेबद्दल आमची तक्रार नाही. कुत्र्याला कोणतीही भाषा चालते. तक्रार अशी आहे की, ठेक्याची मुदत, आज्ञांचा क्रम, साखळीचा हिसका आणि बिस्किटांची संख्या हे सर्व कुत्रा पाहण्यापूर्वीच ठरलेले असते.

शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. राजधानीतून एकच परिपत्रक निघते आणि झाबुआ, भिंड व बऱ्हाणपूर या तिन्ही ठिकाणी त्याच शब्दांत लागू होते. जेथे ते बसत नाही, तेथील अधिकाऱ्याने ‘स्थानिक जनतेचा प्रतिसाद असमाधानकारक’ असा शेरा मारून नस्ती बंद करावयाची. ट्रेनरही असाच शेरा मारतो. त्याचे शब्द फक्त निराळे असतात: ‘कुत्रा जिद्दी आहे.’

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण देतो. एकाच वेतातील दोन लॅब्रॅडॉर पिल्ले दोन नातलग कुटुंबांनी घेतली. ट्रेनर एकच, पद्धतही एकच. पहिले पिल्लू धीट आणि खादाड. साखळीचा हिसका त्याने अंग झटकून सोडून दिला आणि बिस्किटाकडे पाहत आठवडाभरात चारही आज्ञा आत्मसात केल्या. दुसरे भित्रे. कुणी मोठ्याने बोलले तरी ते पलंगाखाली शिरे. दोन-तीन हिसक्यांनंतर साखळी दिसताच त्याची लघवी होऊ लागली. ट्रेनरने यास जिद्द ठरवून हिसका वाढविला. पिल्लू गुरगुरले, तर गुरगुरण्याबद्दल मार बसला. महिनाअखेर ते गुरगुरेनासे झाले. घरचे खूश झाले. सुधारणा झाली असे सर्वांना वाटले. पुढे काही महिन्यांनी घरातल्या मुलाने खेळता खेळता त्याचा कान ओढला, तेव्हा त्या कुत्र्याने गुरगुरण्याची सूचना न देता थेट चावा घेतला. सूचना देण्याची त्याची सवय आपणच पैसे देऊन मोडली होती. त्यास हमरस्त्यावर सोडून देण्यात आले. ट्रेनरच्या हिशेबी मात्र दोनांपैकी एक कुत्रा उत्तम तयार झाला होता, आणि आज तो त्याचीच कीर्ती सांगतो.

एकाच पद्धतीने दोन कुत्र्यांचे दोन भिन्न परिणाम होतात, ही गोष्ट शास्त्राला नवी नाही. घंटा आणि लाळ यांच्या प्रयोगामुळे इव्हान पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या प्रयोगावरून कुत्रा म्हणजे कळ दाबली की चालणारे यंत्र, असा समज पसरला. खुद्द पावलॉव्हचा समज तसा नव्हता. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला. पाणी प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांत शिरले आणि कुत्री छतापर्यंत पोहत कशीबशी वाचली. त्यानंतर असे आढळले की, काही कुत्र्यांची महिनोन् महिने पक्की केलेली शिकवण पुसली गेली होती, तर काहींवर फारसा परिणाम झाला नव्हता. एका भित्र्या कुत्र्याच्या खोलीत नंतर दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली तरी तो पुन्हा कोलमडे. पूर एकच, पाणी एकच, अनुभवही एकच. फरक होता तो कुत्र्यांच्या मज्जासंस्थेत. पावलॉव्हने कुत्र्यांचे चार स्वभावगट मानले आणि त्यांची सांगड ग्रीक वैद्यांच्या जुन्या चार प्रकृतींशी घातली. वात-पित्त-कफ मानणाऱ्या आपल्या समाजाला ही कल्पना अनोळखी वाटू नये. दोन रुग्णांची प्रकृती भिन्न असेल तर एकाच रोगावर दोन काढे देणारा आमचा वैद्य, आणि सर्व कुत्र्यांना एकच काढा पाजणारा आमचा ट्रेनर!

यावर एक ठरलेले उत्तर येते. स्वभाव हा जातीवर असतो, लॅब्रॅडॉर गरीब आणि जर्मन शेफर्ड तापट, हे आम्हांला ठाऊक आहे, असे सांगितले जाते. जातीवरून माणूस ओळखण्याची आपली जुनी खोड कुत्र्यांपर्यंत पोहोचली आहे, दुसरे काय! जातीला काहीच अर्थ नाही असे नव्हे. मुधोळच्या घोरपडे संस्थानामुळे प्रसिद्धीस आलेला, आपल्याकडे कारवान किंवा पश्मी या नावांनी ओळखला जाणारा हाउंड डोळ्यांनी सावज हेरून धावतो. लॅब्रॅडॉर नाकाने जग वाचतो. ससा दिसल्यावर पहिल्यास हाक मारून काय उपयोग होईल, हे सोलापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यास विचारावे. पण जात ही फार तर प्रस्तावना झाली. ग्रंथ पुढेच असतो. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी पाच जातींची कुत्री वर्षानुवर्षे एकाच परिस्थितीत वाढवून १९६५ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जातीजातींत फरक आढळला. त्याचबरोबर एका जातीच्या आतही मोठे फरक आढळले. एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा की, कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनात जो फरक दिसतो त्यापैकी सुमारे नऊ टक्केच जातीवरून सांगता येतो. उरलेले एक्क्याण्णव टक्के समजून घ्यावयाचे, तर समोरच्या कुत्र्याकडे पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरे उत्तर याहून घातक आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. टोळीत एक म्होरक्या असतो. मालकाने आपण म्होरके आहोत हे कुत्र्यास दाखवून दिले की काम फत्ते, असे सांगण्यात येते. या सिद्धान्ताच्या आधारावर कुत्र्यांना पाठीवर पाडून दाबून धरणे, त्यांच्या तोंडचे अन्न हिसकावणे असले प्रकार चालतात. या समजुतीचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. आणि ते लांडगे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकाने ती समजूत जगभर पोहोचविली. पुढे मोकळ्या रानातील लांडगे पाहिल्यावर याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिले की, लांडग्यांची टोळी म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब. तेथे गादीसाठी मारामारी नसते. आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून ते प्रकाशकाकडे पाठपुरावा करीत राहिले आणि २०२२ मध्ये ते थांबले. ज्याने हा सिद्धान्त लोकप्रिय केला त्याने तो स्वतः मागे घेतला. आमचे ट्रेनर मात्र अजून तोच विकत आहेत. कैद्यांचे वर्तन पाहून कुटुंबशास्त्र लिहावे, तशातला हा प्रकार.

ज्यांना कुत्र्याकडून खरोखरच काम करून घ्यावयाचे असते, ते काय करतात हे पाहण्यासाठी आपल्याच राज्यात पुरेशी सोय आहे. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. भोपाळला पोलिसांच्या तेविसाव्या बटालियनमध्ये वाघाची कातडी आणि हाडे हुंगून काढणारी वनखात्याची कुत्री तयार झाली आहेत. माग काढणे, स्फोटके हुंगणे, हल्ला करणे ही निरनिराळी कामे निरनिराळ्या कुत्र्यांना दिली जातात. जो कुत्रा चेंडूसाठी तासन् तास हट्टाने शोध घेतो तो हुंगण्यासाठी उत्तम. बंदुकीच्या आवाजाने जो गळाठतो त्यास त्या कामावर लावीत नाहीत. हँडलरही कुत्र्याबरोबरच शिकतो, कारण तेथे जोडी तयार करावयाची असते. मुंबई पोलिसांचा झंजीर आपणांस आठवतो. पुण्याच्या केंद्रात शिकलेल्या या लॅब्रॅडॉरने १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले, असा लौकिक आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा त्यास शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. आपण किलो मोजतो आणि थांबतो. ज्याला हुंगण्याची हौस आहे त्याला हुंगण्याचेच काम मिळाले, हे त्या यशाचे मर्म कुणी सांगत नाही.

येथे एका नव्या पंथाचाही समाचार घेतला पाहिजे. मारू नये, केवळ खाऊ देऊन शिकवावे, असे हा पंथ सांगतो. मारू नये हे खरेच. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दरडावून शिकविणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे व ताणाशी निगडित संप्रेरक अधिक आढळले. वेल्सने तर विजेचा झटका देणारे गळपट्टे २०१० मध्येच बंद केले. परंतु बिस्किटाची नळी ही देखील अखेर नळीच. भेदरलेला कुत्रा तोंडाजवळचे मटणही खात नाही. त्यास बिस्किट दाखवून काय साधणार? ज्यास उंच आवाजातली शाबासकी ऐकून धडकी भरते, त्याला ती शाबासकीही शिक्षाच वाटते. एखाद्यास चेंडू प्रिय, एखाद्यास मालकाशेजारी नुसते बसणे प्रिय. बक्षीस कोणते हे देणाऱ्याने ठरवावयाचे नसते, घेणारा ठरवितो.

विरुद्ध टोकाला दुसरी म्हण उभी आहे: स्वभावाला औषध नाही. चावरा आहे, काय करणार, त्याचा स्वभावच तसा, असे म्हणून हात झटकणाऱ्यांची संख्याही कमी नाही. स्वभाव पाहून शिकवा असे आम्ही म्हणतो, ते या आळसाची सोय लावण्यासाठी नव्हे. औषध नसेल; पथ्य असते. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात त्यास माणसे, मुले, आवाज, वाहने यांची हळूहळू ओळख करून दिली, तर भित्रा कुत्रा शूर होणार नाही, पण भीती घेऊनही नीट जगू शकेल. शिवाय स्वभावाचे निदान एकदाच करून कपाटात ठेवण्याचे नाही. स्वीडनमध्ये आठ आठवड्यांच्या सहाशेहून अधिक जर्मन शेफर्ड पिल्लांची परीक्षा घेऊन पुढे मोठेपणचे वर्तन तपासले गेले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, त्या वयातील परीक्षेवरून पुढचे भाकीत करता येत नाही. पिल्लाची पत्रिका मांडून मोकळे होता येत नाही. रोज पाहावेच लागते.

इतके पाहण्यास वेळ कुणाला आहे, आमच्या मुलांच्या शाळांत तरी एकेका मुलाकडे कोण पाहते, असा एक आक्षेप ऐकू येतो. शाळांची दुरवस्था हा कुत्र्यांविरुद्धचा युक्तिवाद होऊ शकत नाही. आणि या पाहण्याला पैसे लागत नाहीत. फरशीवर स्टीलची ताटली पडली तर कुत्रा दचकतो की नाही, यापेक्षा दचकल्यावर किती वेळात सावरतो हे पाहावे. अनोळखी पाहुणा आला तर पुढे जातो, मागे सरतो की जागच्या जागी थिजतो? चेंडू सोफ्याखाली गेला तर स्वतः खटपट करतो की तुमच्या तोंडाकडे पाहतो? घरात एकटा राहिला तर झोपतो की दार ओरबाडतो? पंधरा दिवस एवढे टिपून ठेवले तर शिकवणीचा अर्धा आराखडा तयार होतो. भित्र्याला लहान धडे, हळू आवाज, आणि माघार घेण्याची मुभा. दांडग्याला धड्याआधी दौड, आणि घरातील सर्वांचा एकच नियम. स्वतंत्र बाण्याच्या कुत्र्याला कमी आज्ञा, पण प्रत्येकीत त्याचा काही लाभ. मालकाला चिकटून राहणाऱ्यास एकटे राहण्याचा सराव, प्रथम मिनिटाचा, मग पाच मिनिटांचा. शेळ्या-मेंढ्यांमागे हिंडणारा धनगर यांतले एकही वाक्य न वाचता हे करतो, कारण त्याचे सारे लक्ष जित्राबावर असते.

कुणी म्हणेल, एका कुत्र्यासाठी एवढा खल कशाला? कारण चुकीच्या शिकवणीची किंमत ट्रेनर भरत नाही. ती प्रथम कुत्रा भरतो, मग चावा बसलेले मूल भरते आणि शेवटी ज्या गावाच्या वेशीवर तो सोडला जातो ते गाव भरते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात कुत्र्यास सदैव साखळीत ठेवून फिरविण्याची हयगय करणे हा गुन्हा मानला आहे. विनाकारण सोडून देणे हाही. पण कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपये! सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांविषयीच्या आपल्या आधीच्या आदेशात बदल केला. नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीजची आणि आक्रमक कुत्री वगळावीत, असे न्यायालयाने सांगितले. आक्रमक कोण, हे ठरविणार कोण? भीतीने चावणारा आणि रागाने चावणारा यांतील भेद ज्यास कळत नाही, त्याच्या एका शेऱ्यावर कुत्र्याचे जन्माचे स्थान ठरणार. स्वभाव वाचण्याची विद्या घराच्या अंगणात रुजली नाही, तर ती नगरपालिकेच्या गाडीत कोठून येणार?

तेव्हा आमची सूचना साधी आहे. ट्रेनर दारी आला की फी विचारण्यापूर्वी त्यास तीन प्रश्न विचारावेत. शिकविण्याआधी किती दिवस माझा कुत्रा नुसता पाहाल? तो भ्याला तर काय कराल? तुमच्या पद्धतीने न शिकलेल्या कुत्र्यांचे पुढे काय झाले? पहिल्या प्रश्नाला ‘गरज नाही’, दुसऱ्याला ‘भीती मोडून काढू’ आणि तिसऱ्याला ‘असा एकही नाही’ ही उत्तरे मिळाली, तर त्यास पाणी द्यावे, चहा द्यावा आणि फाटकापर्यंत सन्मानाने पोहोचवून यावे. साखळी आपल्याच हातात ठेवावी.